शिंपल्यांची वाळू

चांगलं चाललेलं लँडिसला बघवत नाही. हात शिवशिवतात मेल्याचे. मोझेलबाईंनी मोडलेल्या कंबरेपायी सगळा उन्हाळा विल्मिंग्टनच्या इस्पितळात आणि मग बहिणीकडे काढला, तर त्यांच्या या पठ्ठ्या पोराने मागच्या अंगणातल्या पाचही टबांतली वाळू बदलून टाकली.

टबांत माशीखाऊ झाडं होती, बाईंच्या वडिलांच्या दलदलीतली. भावांनी ती दलदल विकली, ती बुजवली गेली, वर घरं उठली. त्याआधी बाईंनी गुडघ्यांवर बसून एकेक रोप काढून आणलं होतं आणि त्यांच्यासाठी शेजारच्या उंचवट्यावरची वाळूही. तो उंचवटा आता डांबराखाली आहे.

बाई काठी टेकत अंगणात आल्या, तर टबांत नुसती काळी पानं.

"जुनी वाळू कुठंय?"

"गाडीच्या वाटेवर पसरली, मम्मा. कळकट झालेली. ही बघ, दुधासारखी! किनाऱ्यावरनं आणली, पाच वेळा धुतली. खारटपणाचं नाव नाही. चाटून बघ."

"चाटायला मी काय शेळी आहे? व्हिनेगर आण."

बशीत चिमूटभर वाळू घेऊन त्यांनी वर व्हिनेगर ओतलं. वाळू फसफसून उठली. निम्मा शिंपल्यांचा चुरा. मीठ धुऊन जातं, चुना जात नाही, आणि या झाडांना चुना म्हणजे विष. बाईंना धड वाचता येत नव्हतं, पण बापाने शिकवलेला हा धडा पाठ होता.

"आणि पाणी कुठलं घातलंस?"

"विहिरीचं. रोज, दोनदा."

त्या पाण्यातही चुनाच. पावसाच्या पाण्याचं पिंप तिथेच काठोकाठ भरलेलं होतं.

बाईंनी टब उकरायला घेतले. मुळाशी असायचे ते पांढरे गड्डे बोटाखाली पिचत गेले. चार टब झाले. पाचव्यात काहीतरी घट्ट लागलं. त्यांनी श्वास रोखून वर काढलं. शिंपला.

"वाटेवरची वाळू परत गोळा करतो, मम्मा. चाळून देतो."

"आणि लावू काय तिच्यात? तुझं डोकं?"

लँडिसने शिंपला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. वाळू धुऊन धुऊन त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या. बाईंनी त्या पाहिल्या. शिंपला त्याच्या हातावर ठेवला.

"लँडिस, तू आळशी निघाला असतास, तर माझ्या बापाची झाडं आज जिवंत असती."