अ‍ॅलर्जी: नाही

लातूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात उज्वला वडिलांना घेऊन आली तेव्हा तिच्या काखेत जुनी फाईल होती. पायाची जखम चिघळून शेषेरावांना सणकून ताप भरला होता. नऊ वर्षांपूर्वी नांदेडला एका इंजेक्शनाने त्यांचा जीव जाता जाता राहिला होता. तिथल्या डॉक्टरांनी फायलीवर लाल पेनाने ठळक लिहून दिलं होतं, पेनिसिलिन देऊ नये.

काउंटरवरच्या आनंदराजने फाईल उघडलीसुद्धा नाही. "ताई, आता समदं कॉम्प्युटरवर हाय. कागद ऱ्हाऊ द्या."

"पेनिसिलिन चालत न्हाई त्यांना. तेवढं टाका."

"हाव, हाव," म्हणत त्याने पुढच्या माणसाचं आधार कार्ड मागितलं.

वॉर्डात डॉक्टरांनी सगळे प्रश्न पडद्याकडे बघतच विचारले. उज्वलाने फाईल पुढे केली, तर "सिस्टीममध्ये आहे ना सगळं" म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळलेही.

दुपारी पुनम सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. उज्वलाने तिलाही पेनिसिलिनचं विचारलं. "चालत नसतं तर कॉम्प्युटरनं लाल खूण दाखवली असती, ताई," ती म्हणाली आणि औषध सोडलं.

पाच मिनिटांत शेषेरावांचे ओठ सुजले. छाती घरघरू लागली. "उजे..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. उज्वलाच्या किंकाळीने पुनम पळत आली, मांडीत दुसरं इंजेक्शन टोचलं, ऑक्सिजन लावला. श्वास ठिकाणावर यायला अर्धा तास लागला. तोवर उज्वला वडिलांचा गार पडलेला हात घट्ट धरून उभी होती.

मग ती पुनमला म्हणाली, "मला दाखवा, काय लिहिलंय त्याच्यात."

पुनमने पडदा वळवला. अ‍ॅलर्जी: नाही.

"रकाना मोकळा ठेवला तर पुढचं पान उघडत न्हाई," पुनम खालच्या आवाजात म्हणाली. "गर्दी असली की 'नाही' दाबून मोकळे होतात."

उज्वलाचं डोकं भणाणलं. ती रेणापूरजवळच्या गावात अंगणवाडी सेविका. लेकरांची वजनं तीही रोज मोबाईलमध्ये भरायची. पण आधी लेकराला काट्यावर ठेवायची, मग आकडा टाकायची. इथे माणूस समोर बसून सांगत होता, तरी कुणी ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली. काउंटरवर तिने आधी पडद्यावरची वडिलांची नोंद वाचली. 'उष्णतेमुळे अंगावर पुरळ.' बस्स. जणू बाकी काही झालंच नव्हतं.

"ताई, मोबाईलवर ओटीपी नंबर आला असंल, सांगा," आनंदराज म्हणाला. "अभिप्रायाचा हाय. त्याच्याबिगर सुट्टीचा कागद निघत न्हाई."

त्याच्या पडद्यावर पाचही तारे आधीच रंगलेले होते. खाली लिहिलं होतं, सेवेबद्दल अत्यंत समाधानी.

"कोण समाधानी?" तिचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमला. "माझा बाप मरता मरता राहिला, आन् समाधानी? न्हाई सांगत नंबर. आधी खरं लिहा."

मागची रांग कुरकुरू लागली. डॉक्टर खाली आले. "बाई, इथं तमाशा नको. पेशंट बरा आहे ना?"

"बरा हाय, कारण ही सिस्टर पळत आली. तुम्ही तर त्यांच्या तोंडाकडंबी बघितलं न्हाई!"

पुनम जिन्यावर थांबली होती. दोन पायऱ्या उतरून ती म्हणाली, "सर, इंजेक्शन मीच दिलं होतं. ती उष्णता नव्हती. रिअ‍ॅक्शन होती."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. पण रांगेतली माणसं आता गप्प होऊन ऐकत होती. त्यांनी आनंदराजला उठवलं आणि स्वतः बसून टाईप केलं. उज्वलाने अक्षरन् अक्षर वाचून घेतलं: पेनिसिलिनची तीव्र अ‍ॅलर्जी, इंजेक्शननंतर रिअ‍ॅक्शन. मग चार तारे पुसायला लावले आणि तेव्हाच नंबर सांगितला.

"झालं का समाधान?" डॉक्टर तोडून बोलले.

"तुमच्यातलं कुणी वर जाऊन माझ्या बापाची माफी मागितली का?"

तिने छापलेला कागद ओढून घेतला.

रिक्षात शेषेराव म्हणाले, "कशाला एवढी भांडलीस, पोरी? सुटलो की आपण."

उज्वलाने तोंड फिरवलं. संताप काही केल्या उतरत नव्हता.