आठशे अक्षरांचा पश्चात्ताप

मुतिंता हामूंगाला चीनमधल्या चांगशाच्या विद्यापीठात येऊन चौदा दिवस झाले होते आणि या चौदा दिवसांत तिनं कुणाच्या डोळ्यांवर येईल असं काहीही केलं नव्हतं. पंधराव्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तिनं परदेशी मुलींच्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्याची वीज घालवली.

गुन्हा साधा होता. विजेची शेगडी, तिच्यावर पातेलं, पातेल्यात नशिमा. नशिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. तो पोटात गेल्याशिवाय झांबियात कुणी जेवलो असं म्हणत नाही. खानावळीत चौदा दिवस ती ताटातल्या मिरच्या बाजूला सारून खाली काही अन्न आहे का ते शोधत होती. पंधराव्या दिवशी तिला राहवलं नाही. गोळा घट्ट व्हायला लागला, भिंतीत कुठंतरी 'टक्' झालं, पंखा थांबला आणि बावीस खोल्यांमधून निरनिराळ्या देशांच्या शिव्या एकदम ऐकू आल्या.

पाठोपाठ जिन्यावर सपातांचा आवाज आला. फट्, फट्, फट्. वसतिगृह सांभाळणाऱ्या तान मावशी कधी घाई करत नसत. घाई न करणाऱ्या माणसाची जास्त भीती वाटते, हे मुतिंताला इथं येऊनच कळलं होतं.

तशी ती भित्री नव्हती. झांबियात गावी, चोमाला असताना तिनं घरात शिरलेला साप झाडूनं हाकलला होता. पण तिथं साप कुठं आहे ते दिसत तरी होतं. इथं तिचा पासपोर्ट राहण्याच्या परवान्यासाठी पोलिसांच्या कचेरीत जमा होता आणि त्याच्या बदल्यात मिळालेली बोटभर पावती ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोलक्याच्या आत बाळगत होती. फाटकावर दोन कॅमेरे, जिन्यात एक, बोळात दोन. पहिल्या आठवड्यात तर ती प्रत्येक कॅमेऱ्याला मान लववून "नमस्कार" म्हणत असे. उगाच कुणाला वाटायला नको की मुलगी उर्मट आहे.

आणि या सगळ्याच्या तळाशी होता शनिवार.

आल्याच्या तिसऱ्याच दिवशी वसतिगृहाच्या फाटकाबाहेर पेंगबाई नावाच्या एका चकचकीत बाईंनी तिला गाठलं होतं. बाईंचा लहान मुलांचा इंग्रजीचा खासगी वर्ग होता. शिष्यवृत्तीचे पैसे परवाना हाती आल्यावरच सुरू होणार होते. परदेशी विद्यार्थ्यांना नोकरीची बंदी होती, पण तोवर काय खायचं, हा प्रश्न होताच. दोन शनिवार मुतिंता नऊ नंबरच्या बसनं गेली आणि चाळीस पोरांसमोर कोल्हा, अस्वल, माकड यांची नावं नाचून दाखवून आली. पेंगबाईंनी पालकांना तिची ओळख "खास लंडनहून आलेल्या मॅडम" अशी करून दिली होती. मग तिच्या कानाशी लागून त्या म्हणाल्या होत्या, "हे बघ राणी, गणवेशातला कुणी आत आला की तू मॅडम नाहीस. तू माझ्याकडे चहाला आलेली पाहुणी. आणि घाबरू नकोस. पकडलं तर काय, दंड होईल, थोडे दिवस आत ठेवतील, मग विमानात बसवून देतील. मारत वगैरे नाहीत कुणी!"

या धीरानंतर मुतिंताची झोप उडाली होती. चोमाच्या बसस्थानकावर तिच्या वडिलांनी अर्ध्या गावाला जमवून तिला निरोप दिला होता. चर्चच्या बायकांनी गाणं म्हटलं होतं. महिन्याभरात त्याच स्थानकावर परत उतरायचं आणि त्याच बायकांच्या पुढ्यातून घरी चालत जायचं, हे चित्र तिला दिवसातून वीस वेळा दिसे.

तान मावशी दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आधी शेगडीकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग मुतिंताकडे.

"हे काय?"

"जेवण, मावशी."

मावशींनी चमच्यानं नशिमा टोचून पाहिला. चमचा उभाच राहिला. "याला तुम्ही जेवण म्हणता?" त्या म्हणाल्या. शेगडीची पिन काढून, वायर गुंडाळून त्यांनी ती काखेत मारली. "आत्मपरीक्षण लिहायचं. आठशे अक्षरं. सहाच्या आत माझ्या खिडकीतल्या ट्रेमध्ये. उद्या सकाळी परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत ल्याव सरांकडे जाईल."

"काय लिहू, मावशी?"

"काय केलंस ते. मुळापासून लिही. वरवरचं चालत नाही. काही लपवू नकोस, आम्हाला सगळं ठाऊक असतं."

हे शेवटचं वाक्य तान मावशी गेली एकोणीस वर्षं शेगडी, मांजर, सिगारेट आणि मित्र या चारही प्रसंगी सारख्याच सुरात म्हणत आल्या होत्या. मुतिंतानं ते पहिल्यांदाच ऐकलं. सगळं?

खोलीतली जोडीदारीण नोमिन असती, तर पुढचं काही घडलं नसतं. नोमिन मंगोलियातल्या उलानबातरची, तिसऱ्या वर्षाला होती आणि आत्मपरीक्षणात तिचा हात कुणी धरला नसता. आजवर तिनं सात लिहिली होती. पण मंगळवारी तिचे तास सहापर्यंत असत.

मुतिंता एकटीच टेबलाशी बसली. राजधानीत, लुसाकाला दोन वर्षं चिनी शिकल्याचा तिला अभिमान होता, तो आज कामी येणार होता. तिनं लिहिलं: मी खोलीत शेगडी लावली, वीज गेली, माझी चूक झाली, क्षमा करा. मोजलं. एकवीस अक्षरं.

खाली मैदानावर नव्या चिनी विद्यार्थ्यांची कवायत चालली होती. एक-दोन-तीन-चार! तीन हजार पोरांचा आवाज खिडकीच्या काचेवर आदळत होता आणि प्रत्येक 'चार'ला तिचं पेन उडत होतं. तिनं शेगडीचा रंग लिहिला. पिठाचं वर्णन केलं. भूक लागल्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. आईनं पिशवीत पीठ घातलं तेव्हा आपण नको म्हणालो नाही, याबद्दलही केला. दोनशे साठ. घड्याळात चार वाजले.

आता तिच्याजवळ आणखी गुन्हा शिल्लक नव्हता. म्हणजे होता, एकच होता.

आम्हाला सगळं ठाऊक असतं. बसमध्ये कॅमेरा होता. गेल्या शनिवारी वर्गाच्या मागच्या बाजूला एक माणूस भिंतीला टेकून उभा होता, तो कुणाचाच बाप वाटत नव्हता. त्यांना ठाऊक असेल आणि आपण लिहिलं नाही, तर? आपण होऊन लिहिलं तर निदान... तिनं पावती छातीशी चाचपली आणि शनिवार लिहायला घेतला. वर्ग, मजला, बस, चाळीस पोरं, लंडन. हात आपोआप चालत होता. आयुष्यात इतकं अस्खलित चिनी तिनं कधीच लिहिलं नव्हतं. आठशे अकरा अक्षरं झाली. खाली सही, तारीख. साडेपाचला खिडकीपाशी कुणी नव्हतं. तिनं कागद ट्रेमध्ये ठेवला आणि जिना चढताना चौदा दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

हे हलकेपण सहा वाजून पाच मिनिटांपर्यंत टिकलं.

"काय लिहिलंस?" नोमिन म्हणाली. तिच्या हातातली दप्तराची पट्टी तशीच राहिली.

मुतिंतानं पुन्हा सांगितलं.

"अगं बाई गं!" नोमिन पलंगावर बसली. "आत्मपरीक्षणात कुणी खरं लिहितं का?"

"ताई, मावशीच म्हणाल्या, मुळापासून लिही."

"मुळापासून म्हणजे आगीपासून! शेगडीतून ठिणगी, ठिणगीतून आग, आगीत तीनशे मुली, मग त्यांचे आईबाप, मग विद्यापीठाची अब्रू, मग दोन देशांची मैत्री. इथंच सहाशे होतात. उरलेल्या दोनशेत रडायचं. गुन्हा नाही गं वाढवायचा, पश्चात्ताप वाढवायचा! मी मांजर पाळल्याबद्दल बाराशे लिहिली होती, ल्याव सरांनी ती वर्गात वाचून दाखवली."

"सगळी वाचतात?"

"अक्षर न् अक्षर. त्यांना छंदच आहे."

मुतिंताला चोमाचं बसस्थानक दिसलं. बायका गात नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

दोघी जिन्यावरून अक्षरशः घरंगळत खाली आल्या. ट्रे रिकामा होता. खिडकीआड तान मावशी गरम पाण्याच्या परातीत पाय सोडून बसल्या होत्या, नाकावर चष्मा होता आणि हातात तो कागद.

"नोमिन, तू वर जा," मावशी मान वर न करता म्हणाल्या.

"मावशी, ती नवीन आहे, तिला कळत नाही—"

"तुला कळतं ना? मग जा."

नोमिन गेली. मावशींनी मुतिंताला आत बोलावलं आणि स्टुलाकडे बोट केलं. बराच वेळ त्या वाचत राहिल्या. मग टेबलावरची पेन्सिल उचलून म्हणाल्या, "'अस्वल' चुकलंय. खाली चार ठिपके असतात. तू तीनच दिलेस."

"हो, मावशी."

मावशींनी चौथा ठिपका दिला. "नऊ नंबरची बस?"

"हो."

"किती वाजता?"

"सातला."

"दोन्ही शनिवार?"

मुतिंतानं मान हलवली. मावशींनी ओला पाय पाण्याबाहेर काढला, पुसला, पुन्हा पाण्यात घातला. मग त्यांनी खिडकीच्या कडेला दोरीनं बांधलेली बाहेर जाण्याची वही ओढली, दोन पानं उलटली आणि बोट ठेवलं.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"वाच."

"सकाळी सात. लायब्ररी."

"शेजारी सही कुणाची?"

सही तान मावशींची होती. दुसऱ्या शनिवारीही त्यांचीच.

"लायब्ररी उघडते आठला," मावशी म्हणाल्या. "सातला लायब्ररीत जाणाऱ्या मुलीला मी जाऊ दिलं. दोनदा. हा कागद ल्याव सरांनी वाचला की तू विमानात बसशील. बस बापडी. पण मग ते वही मागतील. मग मला लिहावं लागेल. मला आठशे पुरतील का? मला तीन हजार! बॉयलर बिघडला तेव्हा लिहिलं होतं मी. पाचवीपर्यंत शिकलेली बाई मी. दोनदा परत आलं. 'वरवरचं आहे' म्हणाले. तिसऱ्यांदा माझ्या सुनेनं लिहून दिलं. ती अजून ऐकवते."

कागद त्यांच्या हातात फडफडत होता. खोलीत वारा नव्हता. चौदा दिवस तिला वाटत होतं की या इमारतीत भिणारी आपण एकटीच. आता कळलं की आपण नुसत्या सगळ्यांत नव्या आहोत. पण त्यानं धीर यायच्याऐवजी ती जास्तच घाबरली. ज्यांना भ्यायचं त्यांनाच भीती वाटत असेल, तर मग हे कुठं जाऊन थांबतं?

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"नोमिनताईला. फक्त."

"ती बोलायची नाही. तिचं मांजर अजून गच्चीवर आहे."

आणि मावशींनी आठशे अकरा अक्षरांचा तो कागद घडी न करता सरळ परातीत बुडवला. शाई सुटली. लंडन विरघळलं, पाणी निळसर झालं. मावशींनी पायाच्या अंगठ्यानं लगदा ढवळला आणि टेबलाच्या खणातून कोरा कागद काढून मुतिंतापुढं ठेवला.

"लिही. 'एका शेगडीनं तीनशे आयुष्यं धोक्यात आली.' लिहिलंस? आता आग लाव."

सव्वासातला आठशे चाळीस अक्षरं झाली. मावशींनी ती मोठ्यानं वाचून घेतली आणि दोन ठिकाणी "अजून थोडी लाज घाल" म्हणून थांबवलं. शेवटी त्या म्हणाल्या, "शनिवारी कुठं?"

"खोलीत, मावशी."

"खोलीत नाही. वहीत लायब्ररी आहे, तर लायब्ररीतच. आठला. सवय दिसली पाहिजे."

शनिवारी आठ वाजता मुतिंता लायब्ररीच्या पहिल्या मजल्यावर दारासमोरच्या टेबलाशी बसली. पुढ्यात जलविज्ञानाचं जाडजूड पुस्तक होतं. सव्वाआठपासून मांडीवरचा फोन थरथरत होता. पेंगबाई. नऊपर्यंत सात वेळा. पाठोपाठ संदेश आला: चाळीस पोरं बसली आहेत, लंडन कुठं आहे? मग दुसरा आला: मला तुझं वसतिगृह माहीत आहे, राणी. तो तिनं तीनदा वाचला आणि फोन बंद करून पायमोज्यात खोचला.

दहाच्या सुमारास दार ढकलून तान मावशी आत आल्या. ठेवणीतलं जांभळं जाकीट घातलेलं, केस पाण्यानं बसवलेले. लायब्ररीत त्या बहुधा पहिल्यांदाच येत असाव्यात, कारण आत येताच त्यांनी दारावरच्या कॅमेऱ्याकडे पाहून किंचित मान लववली. मग त्यांनी टेबलांवरून नजर फिरवली. ती मुतिंतावर येऊन क्षणभर थांबली. दोघींपैकी कुणीच ओळख दाखवली नाही.

मावशी वळून बाहेर गेल्या. मुतिंतानं पान उलटलं. कुणी बघत असेलच, तर वाचल्यासारखं दिसायला हवं होतं.