म्हाताऱ्याच्या चेंडूसमोर

जुलै सरत आला होता. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत तोंडावर आली होती आणि बेसबॉल क्लब गुणतक्त्याच्या तळाला रुतला होता. व्हर्ना कोवाल्स्कीचं क्लबमधलं काम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, पारखण्याचं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं: तरुण पिचरांना हात लावायचा नाही, ओरिन टिडवेलला सोडायचं. डावखुरा, चाळिशीला टेकलेला, चेंडूचा वेग दर हंगामात उतरत चाललेला. त्याच्या बदल्यात एखादा तगडा पोरगा मिळाला तरी पुष्कळ.

"एकदा जवळून तर बघ त्याला," क्लबचा कारभारी ड्वेन प्रुइट म्हणाला. "नुसतं पडद्यावर बघून माणूस काढू नये, बाई."

म्हणून ती दुपारी मैदानावर उतरली. ओरिन सराव करत होता. समोर त्याचे चेंडू झेलणारा कॅचर चुई बारेला उकिडवा बसला होता, गालात सूर्यफुलाच्या बिया कोंबून.

"आलीस माझं वजन करायला?" ओरिन लांबूनच ओरडला. "मग हेल्मेट घाल आणि उभी राहा बॅटरच्या जागी. डावखुऱ्यांच्या बाजूला."

"आणि चेंडू लागला तर?"

"तर मला फुकटात देऊन टाक!"

चुई खदाखदा हसला. व्हर्ना उभी राहिली.

ओरिनने पाय उचलला. चेंडू हातातून कधी सुटला ते कळलंच नाही. दिसला तो थेट कानशिलावर येताना. ती किंचाळून खाली बसली. मागे फट्‌ असा आवाज झाला. चेंडू बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या प्लेटवरून जाऊन चुईच्या ग्लोव्हमध्ये विसावला होता.

"डोळे उघडे ठेव गं," चुई म्हणाला.

पुढच्या वेळी तिने ठेवले. चेंडू संथ आला, इतका की त्याची लाल शिवण गरगरताना दिसली, आणि प्लेटपाशी पायाखालची फळी निघावी तसा धाडकन खाली गेला. त्यानंतरचा सूं करून निघून गेला. तीच हालचाल, तोच चेहरा, आणि चेंडू मात्र प्रत्येक वेळी निराळाच. व्हर्नाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला तिथून हलावंसं वाटेना.

"हे कसं करतोस तू?"

"बोटांना विचार. मला सांगत नाहीत ती."

ती तडक ड्वेनकडे गेली.

"म्हणजे द्यायचा नाही त्याला?"

"द्यायचा. असा माणूस तळाच्या क्लबात कुजवणं पाप आहे. पण एका पोरावर नाही. जो क्लब त्याला घेईल, त्यांचे सगळ्यात चांगले दोघे माग."

"वेड लागलंय तुला! या म्हाताऱ्यासाठी?"

"लाव तर फोन."

फोन लागला. पलीकडच्यांनी जराही घासाघीस केली नाही. ड्वेन रिसीव्हर हातात धरून तसाच बसून राहिला.

सप्टेंबरात ओरिन परक्या गणवेशात याच मैदानावर उतरला. व्हर्नाच्या क्लबचे बॅटर एकामागून एक हात हलवत परतले. शेवटचा गडी परतला तेव्हा ती उठून टाळ्या वाजवत होती.

"बस खाली," ड्वेन दात-ओठ खात म्हणाला. "लोक बघतायत. हरलोय आपण!"

तिला ते ऐकूच आलं नाही.