रविवारचा पक्षप्रवेश

क्रांतीनं हात वर केला तेव्हा भडंगाच्या प्लेटा फिरायला लागल्या होत्या. पत्रकार परिषद संपल्याची सांगलीतली खूण हीच. प्लेट हातात आली की वही मिटायची आणि शेजारच्याला विचारायचं, फोटो ग्रुपवर कोण टाकतोय.

"आज प्रश्न नकोत हं," राजवर्धन हसत म्हणाला. "विषय पीकविम्याचा होता, तो झाला. आधी भडंग घ्या सगळ्यांनी."

हात खाली आला नाही.

टेबलामागं नाथाजीअण्णा बसले होते. श्रमिक लोकपक्षाचे प्रदेशाध्यक्ष. वय झालेलं, मान थोडी पुढं वाकलेली, समोरचा कागद वाचून झाला तरी नजर कागदावरच. उजव्या हाताला राजवर्धन, त्यांचा मुलगा, साखर कारखान्याचा अध्यक्ष. पक्ष कार्यालयाच्या भिंतीवर जुन्या मोर्चांचे फोटो. त्यातल्या एकात तरुण अण्णा बैलगाडीवर उभे राहून बोलत होते आणि खाली गर्दीत कुठंतरी क्रांतीचा बाप होता. कुठं, ते त्यालाही आता सांगता येत नसे.

खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की पीकविम्यासाठी कोणी आलेलं नाही. सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर ठळक अक्षरात छापून आलं होतं: नाथाजीअण्णांचा रविवारी सत्ताधारी पक्षात प्रवेश. खाली नाव, क्रांती सूर्यवंशी, पलूस. तिचं नाव पहिल्या पानावर पहिल्यांदाच आलं होतं. सांगली आणि सातारा, दोन्ही आवृत्त्यांत.

बातमीत 'विश्वसनीय सूत्रांनी सांगितले' असं चार वेळा लिहिलेलं होतं. सूत्र एकच होतं आणि ते या क्षणी टेबलाच्या उजव्या बाजूला बसून लोकांना भडंग घ्यायला सांगत होतं. राजवर्धननं स्वतः फोन केला होता. "माझं नाव नको, पण पक्कं आहे. अण्णा तयार आहेत." त्याला बातमी छापून हवी होती. एकदा छापून आली की म्हाताऱ्याला मागं फिरायला जागा उरत नाही, हे त्याला कळत होतं. क्रांतीलाही कळत होतं. कळून तिनं लिहिलं होतं.

कारण तालुका प्रतिनिधी म्हणजे काय असतं? ना पगार, ना रजा. बातमी द्यायची, आणि ज्याच्या विरोधात बातमी द्यायची त्याच्याच वाढदिवसाची जाहिरात आणायला त्याच्याच दारात उभं राहायचं. निवासी संपादक वीरधवल यांनी सकाळीच फोनवर सांगितलं होतं, "रविवारी हे खरं ठरलं की तू सांगलीच्या ऑफिसात. डेस्कवर, कायम. आज फक्त जाऊन बस. काही विचारू नकोस. त्यांनी नाही म्हटलं तर आपण तोंडावर आपटू."

तिनं फोन ठेवला तेव्हा बाप अंगणात पेपर घेऊन बसला होता. गुंडा सूर्यवंशी. निम्मं आयुष्य पक्षाची भित्तिपत्रकं चिकटवण्यात गेलेलं, मुलीचं नावसुद्धा पक्षाच्या शिबिरातून आणलेलं. पेपर वाचून त्यानं घडी घातली आणि खाटेवर पालथी ठेवली.

"तू त्येला इचारलंस का?"

"कुणाला?"

"अण्णाला. जाणार हाईस का म्हणून."

"तात्या, सूत्रांनी सांगितलंय."

"सूत्र म्हंजे कोण गं? त्येला आय-बाप हाईत का न्हाईत?" त्यानं चष्मा काढला. "शेजाऱ्याची म्हस इकली म्हणायची झाली तर आपण आधी त्येला इचारतो, व्हय रं बाबा, इकलीस का. हितं आख्खा माणूस इकला म्हणून छापलंस, आणि त्येला इचारलं न्हाईस?"

ती गाडी काढायला गेली तसा तो पक्षाचा पंचा गळ्यात घालून मागं येऊन उभा राहिला.

"मला बी ने. आज बघून येतो त्येला. रविवारपासनं त्येचं त्वांड बघायचं न्हाई मला."

आता तो खाली आवारात बाकीच्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांबरोबर उभा होता. खिडकीतून त्यांचे पंचे दिसत होते. मातीला आल्यासारखी उभी होती माणसं.

"मॅडम, हात दुखंल," यूट्यूब चॅनलवाला बिरदेव शेजारून पुटपुटला. तो जतकडचा. तोंडात भडंग, मांडीवर माइक. "तुमची बातमी लागली की. आता काय राह्यलं?"

"विचारायचं राह्यलं," ती म्हणाली आणि उठून उभी राहिली.

"अण्णा, आपण रविवारी सत्ताधारी पक्षात प्रवेश करणार आहात का?"

प्लेटांचा आवाज थांबला. बिरदेवनं घास तसाच गिळला आणि माइक उचलला.

"अण्णांची तब्येत ठीक नाही," राजवर्धन म्हणाला. हसू अजून चेहऱ्यावर होतं, फक्त डोळे बदलले होते. "आणि ताई, तुम्हीच तर छापलंय. स्वतःच्या बातमीवर विश्वास नाही का तुमचा?"

दोघं-तिघं हसले. क्रांतीच्या कानापर्यंत रक्त चढलं. ती उभीच राहिली.

"तू थांब," अण्णा म्हणाले.

ते राजवर्धनला म्हणाले होते. त्यांनी कागद बाजूला सरकवला आणि पहिल्यांदाच समोर बघितलं.

"परत इचार, पोरी. मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

मागं कोणी नव्हतंच, भिंत होती. पण क्रांतीनं परत विचारलं, आणि या खेपेला पेपरची भाषा जिभेवर आली नाही.

"अण्णा, तुमी रविवारी जाणार हायसा का न्हाई? व्हय का न्हाई, येवढंच सांगा."

"न्हाई."

एवढंच. पुढं ना विचारधारा, ना संविधान, ना शेतकऱ्यांचं हित. अण्णांनी पाण्याचा ग्लास उचलला. त्यांनी सगळा ग्लास रिकामा केला आणि तोंड पुसलं. राजवर्धन उठून फोन कानाला लावत बाहेर गेला. फोन लागलेला नव्हता. नुसताच कानाला होता.

मग एकच गलका उडाला. बिरदेव जिन्यातूनच लाइव्ह गेला. क्रांती गॅलरीत आली तर वीरधवलांचा फोन वाजतच होता.

"विचारू नको म्हटलं होतं ना तुला?"

"विचारलं."

"आपली सकाळची बातमी खोटी पडली, कळतंय का? तुझ्या नावानं आहे ती. डेस्कचं विसर आता."

"बरं."

"बरं काय? काही वाटतं का तुला?"

वाटायला हवं होतं. तिनं आत शोधून बघितलं. कधी नव्हे ती हाताशी आलेली खुर्ची गेली होती, जिल्हाभर तोंड काळं झालं होतं. आणि तिच्या लक्षात आलं की कठड्यावर कोणीतरी ठेवलेली भडंगाची प्लेट तिनं ओढून घेतली आहे आणि फोन कानाला धरून ती बचकबचक खाते आहे. सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं. शेंगदाणा दाताखाली आला, तिखट घशाला लागलं, तरी घास थांबेना.

"पाठवते दुसरी बातमी," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

हात धुवायला ती मागच्या बाजूला गेली. तिथं बेसिनपाशी अण्णा एकटेच उभे होते. नळ चालू, हात कोरडे.

"गुंडाची तू," ते म्हणाले.

"व्हय."

"त्यो खाली हाय न्हवं? मघाशी येताना बघितलं. त्येनं माज्याकडं बघितलं न्हाई." त्यांनी नळ बंद केला. "पंधरा दिस झालं, माज्यावर किती अंदाज छापून आलं. सातारा, सांगली, मुंबई. टीव्हीवर माणसं भांडली माज्यावरनं. पर अण्णा, तुमच्या मनात काय हाय, असं एकानं इचारलं न्हाई. घरात तर ठरूनच गेल्यालं. कारखान्याची चौकशी लागल्या, पोरगं रडकुंडीला आलंय. म्हणालं, अण्णा, तुमी काय बोलू नका, निस्तं गाडीत बसा."

"मग तुमीच का बोलला न्हाई?"

आवाज तिला वाटला त्यापेक्षा कडक निघाला. आयुष्यभर माइकवर बोललेला माणूस, आणि स्वतःच्या घरात तोंड उघडेना. याच्या नावानं तिच्या बापानं लाठ्या खाल्ल्या होत्या.

"आपणहून बोललो असतो तर पोराला आपटल्यागत झालं असतं. कुणी इचारलं, मग सांगितलं, तर गोष्ट येगळी. खोटं कशाला बोलू. तू इचारलं नसतंस तर बसलो असतो मी गाडीत."

क्रांतीनं ओले हात ओढणीला पुसले.

"हे लिहू?"

"पक्षाचा अध्यक्ष हाय मी. लाज वाटंल असं हाय ते."

"व्हय, हाय."

अण्णांनी आरशात बघून टोपी सरळ केली.

"लिही," ते म्हणाले. "रविवार अजून लांब हाय. छापलंस म्हंजे मला गाडीत बसता याचं न्हाई."

ती खाली आली तेव्हा आवारात लग्नघर झालं होतं. म्हातारे एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होते. कोणीतरी जुनी घोषणा दिली, तिची दुसरी ओळ निम्म्यांना आठवेना, म्हणून सगळे पहिलीच ओळ परत परत ओरडले. गुंडा मधोमध होता. पंचा डोक्याला बांधलेला, डोळे लाल.

"माज्या पोरीनं इचारलं!" तो दिसेल त्याला धरून सांगत होता. "आणि मला ठावं हुतं गड्या. अण्णा हाय त्यो, मोडंल पर वाकायचा न्हाई. घरातली सगळी येका बाजूला आणि ह्यो येकटा!"

"काय सांगतोस गुंडाभाऊ, सकाळी तर शिव्या घालत हुतास!"

"त्या पेपरला घालत हुतो!"

क्रांती गाडीवर बसली आणि फोनवर लिहायला लागली. आजची सकाळची बातमी चुकीची होती, ती मी दिली होती आणि देण्यापूर्वी त्यांना विचारलं नव्हतं, हे पहिल्या ओळीत. मग प्रश्न, मग उत्तर. मग बेसिनपाशी बोललेलं ते गाडीत बसण्याचं वाक्य, त्यांच्याच शब्दांत. तिथं अंगठा थांबला. समोर बाप कोणाला तरी मिठी मारत होता. तिनं वाक्य एकदा पुसलं, परत लिहिलं आणि पाठवून दिलं. थोड्या वेळानं वीरधवलांचं उत्तर आलं, पहिल्या पानावर घेतो. डेस्कबद्दल अक्षर नव्हतं.

परतताना माधवनगर मागं पडेपर्यंत गुंडा तिच्या पाठीमागं काहीबाही गुणगुणत होता. ऊन उतरलं होतं. उसाच्या ट्रॉल्या पुढं गेल्या की रस्त्यावर पाचट पडायचं आणि ती गाडी हळू घ्यायची.

"काय म्हणालं गं अण्णा तुला? मागं तुमी दोघंच हुता म्हणं."

तिनं आरशात बघितलं. पंचा अजून डोक्यालाच होता.

"उद्या वाचा की पेपरात."

"चांगलंच असंल," तो म्हणाला. आणि लगेच, "आगं थांब थांब, रस पिऊया. मी पाजतो."

रसवंतीवर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गुंडा बाकावर बसायच्या आधीच त्या चरकवाल्याला अण्णांची गोष्ट सांगायला लागला, अगदी बैलगाडीवरच्या भाषणापासून. चरकवाल्यानं अण्णांचं नावही नीट ऐकलेलं नसावं, पण तो मान हलवत राहिला. क्रांतीनं गाडी स्टँडवर लावली, किल्ली काढली आणि बापाशेजारी येऊन बसली. गोष्ट अजून निम्म्यावरही आली नव्हती आणि त्याचा ग्लास संपत आला होता.

"ह्यांना अजून एक द्या," ती चरकवाल्याला म्हणाली. "सावकाश. आमाला घाई न्हाई."