सात ढेपांची बग्गी

धोंडीरामची बग्गी टेम्पोतून जुळे सोलापुरात उतरली, तेव्हा आमच्या कॉलनीत पहिला वाद झाला तो तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे यावर. दार नाही, छत नाही, काच नाही. लोखंडी नळ्यांचा नुसता पिंजरा, त्याला चार गुबगुबीत चाकं, आणि प्रत्येक चाकाशेजारी मनगटाएवढ्या जाड स्प्रिंगचा लांबलचक शॉकअप. वरून पिवळा रंग. उजनीच्या पाण्याकाठी कुणा हौशी माणसानं पर्यटकांना चिखलातून फिरवायला ती आणली होती. पर्यटकांना चिखल नकोसा झाला आणि बग्गी विकायला निघाली. तिला नंबरप्लेट होती, पासिंग झालेलं होतं, म्हणजे सरकारच्या लेखी ती गाडीच होती. कॉलनीतल्या कुत्र्यांनी मात्र ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही.

आता सत्तरीकडं झुकलेला, धोतर नेसणारा, बैलगाडी आणि जुनी लूना यांच्यापलीकडं कधी न गेलेला माणूस असली गाडी कशाला घेईल? त्याचं कारण आतल्या खोलीत पलंगावर पडून होतं.

सोनाबाई म्हणजे धोंडीरामची बायको. सांगोल्याच्या अलीकडं माळावर त्यांची डाळिंबाची बाग. त्यातलं एकेक रोप तिनं हातानं लावलेलं, आणि कोरड्या वर्षांत टँकरचं पाणी कमरेवर वाहून जगवलेलं. ती कमरच पावसाळ्यात दगा देऊन बसली. मणका सरकला. तेव्हापासून ती मुलाच्या, उदयसिंहाच्या फ्लॅटवर होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकही हिसका बसता कामा नये. सोनाबाईनं कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, पण माघ लागल्यापासून तिचं एकच चाललं होतं. बाग फुलली असंल, एकदा बघू द्या.

डांबरी रस्त्यापर्यंत उदयसिंहाची मोटार जायची. पुढची वाट ओढ्यातून, दगडगोट्यांतून. त्या वाटेनं पिशवीतून नेलेली कोंबडी घरी पोचेस्तोवर निम्मी सोललेली असते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बैलगाडी नको, जीप नको, खाटेवरून न्यावं तर चौघांचे पाय एका तालात पडणार नाहीत. आणि चौघांनी खाट उचलायची म्हटल्यावर सोनाबाईनंच तोंड फिरवलं. तसं जायला अजून वेळ हाय, म्हणाली.

अशात धोंडीराम कसल्याशा कामानं उजनीकडं गेला आणि त्यानं ही बग्गी दगडांवरून धावताना पाहिली. चाकं खाली माकडासारखी नाचत होती, आणि वर चालवणाऱ्याच्या तोंडातल्या विडीची राखसुद्धा पडली नाही. धोंडीरामनं तिथंच ठरवलं.

पण उजनीच्या चिखलातली बग्गी वेगळी आणि जुळे सोलापुरातल्या खणलेल्या रस्त्यावरची वेगळी. पहिल्याच फेरीत धोंडीरामचं पागोटं मागच्या गल्लीत पडलं. तेव्हा बसूला बोलावलं. बसू अक्कलकोटकडचा, रिक्षा आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, बोलणं निम्मं कानडी. त्यानं खाली वाकून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि सांगितलं, की स्प्रिंगच्या वर ही जी रिंग आहे ना, ती हुक पान्यानं आवळली की बग्गी उठते आणि कडक होते, सैल केली की बसते आणि मऊ होते. एवढंच तर आहे. संध्याकाळपर्यंत करून देतो.

ती संध्याकाळ काही येईना.

आवळली तर बग्गी मारकुट्या म्हशीसारखी उडायची. सैल केली तर पोट जमिनीला घासायचं आणि ठिणग्या निघायच्या. पुढचं आवळलं की मागचं रुसायचं. हिसका मोजायला म्हणून धोंडीरामनं शेजारच्या सीटवर दह्यानं भरलेला पितळी गंज बांधला आणि पाइपलाइनसाठी खणलेल्या रस्त्यावरून एक फेरी मारली. परत आला तर वर लोण्याचा गोळा तरंगत होता. पिंकीनं, म्हणजे त्याच्या सुनेनं, त्या तुपावर शिमग्यापर्यंतच्या सगळ्या पोळ्या भाजल्या असं म्हणतात; मी त्यातल्या फक्त दोन खाल्ल्या.

आमच्या इथं सल्ला मागावा लागत नाही. गुरुसिद्धप्पा नावाचे आमचे एक वजनदार शेजारी आहेत. ते म्हणाले, रिकामी गाडी उडणारच, बसायला माणूस पाहिजे, आणि स्वतःच बसले. पहिल्या खड्ड्याला नुसतेच हसले. दुसऱ्या खड्ड्याला सीटवरून उठले. कुणी म्हणतात हातभर उठले. मी म्हणतो, त्यांना वरून विजापूर रोडच्या पलीकडचं त्यांच्या मेव्हण्याचं घर दिसलं, आणि मेव्हण्यानं गच्चीवर त्यांचीच शिडी ठेवलेली दिसली. त्याशिवाय त्या संध्याकाळी शिडीवरून भांडण कसं झालं असतं?

पण गुरुसिद्धप्पांच्या बोलण्यात तथ्य होतं. स्प्रिंग बसवायची तर जो बसणार त्याच्या वजनाला बसवायची. बसूनंही मान डोलावली आणि विचारलं, "काकूंचं वजन किती?"

बाईमाणसाचं वजन असं चारचौघांत कुणी विचारत नाही. पण धोंडीराम उलट खुलला. म्हणाला, "इचारायचं काय त्यात? आख्ख्या गावानं बगितलंय. सात ढेपा."

उदयसिंह लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा त्याच्या आईनं गावच्या देवीला बोलून ठेवलं होतं, पोर उठलं तर माझ्या भारंभार गूळ वाहीन. पोर उठलं. देवळापुढच्या लिंबाला तराजू टांगला. एका पारड्यात सोनाबाई, दुसऱ्यात दहा-दहा किलोच्या ढेपा. सहावी ठेवली तरी पारडं हलेना. सातवी ठेवली तेव्हा कुठं बाई जमिनीवरनं उठली. ती लिंबाची फांदी तेव्हा जी वाकली, ती अजून सरळ झालेली नाही. धोंडीरामला याचा केवढा अभिमान. बागेत राबणारी बायको, सात ढेपांची. हे तो लग्नाकार्यात सांगायचा, पाहुण्यांना सांगायचा, आणि सोनाबाई पदर तोंडाला लावून, गप बसा की, म्हणायची.

मग काय, बाजारातून सात ढेपा आल्या. गोणपाटात बांधून सीटवर ठेवल्या, वर पट्टा आवळला. मुंग्या आल्या, गांधीलमाश्या आल्या, कुणाची तरी शेळी येऊन सीटचा कोपरा चाटून गेली. पण बग्गीला अक्कल आली. सात ढेपा ठेवल्या की ती कशी जडशीळ खाली बसायची, आणि खड्ड्यातून जाताना पाळण्यासारखी झुलायची. बसूनं चारी रिंगा फिरवत फिरवत नेमकी जागा गाठली. ढेपा ठेवल्यावर शॉकअपची नळी जिथपर्यंत खाली येत होती, तिथं त्यानं पिंकीच्या नेलपॉलिशनं लाल खूण केली. पुन्हा दह्याचा गंज बांधला. दही तसंच परत आलं, वरची सायसुद्धा मोडली नाही. धोंडीराम आत गेला आणि सोनाबाईला म्हणाला, चल, तुझी पालखी तयार झाली. ती हसली. पिंकी दारात उभी होती, ती पदरानं दाराची कडी पुसत राहिली.

ठरलेल्या दिवशी बग्गी ढेपांसकट टेम्पोतून पुढं गेली. मी आणि बसू टेम्पोत. मागून उदयसिंहानं मोटार इतकी हळू आणली, की वाटेत मेंढरांचा एक कळप तिला मागं टाकून गेला आणि मेंढक्यानं थांबून काही मदत लागते का म्हणून विचारलं.

डांबरी संपते तिथं लिंबाखाली आम्ही बग्गी उतरवली. बसूनं ढेपा काढून टेम्पोत ठेवल्या, सीट पुसली, वर गोधडी अंथरली. उदयसिंह आणि पिंकीनं सोनाबाईला मोटारीतून अलगद काढलं आणि बग्गीत बसवलं. मी तिला पाच महिन्यांत उन्हात पाहिलंच नव्हतं. आतल्या खोलीत, लुगड्यात, चादरीत, माणूस किती आहे ते कळत नाही.

बग्गी खाली बसली नाही.

जराशी हलली, एवढंच. पाखरू बसल्यावर फांदी हलते तशी. धोंडीराम पुढं वाकून बघत होता. लाल खूण नळीच्या किती तरी खाली तशीच उघडी होती. त्याला वाटलं काहीतरी अडकलंय. त्यानं शॉकअपवर थाप मारली. मग बसूला म्हणाला, "बग रं, जाम झालाय काय."

बसूनं बघितल्यासारखं केलं. मला ठाऊक होतं त्याला दिसलंय, आणि त्याला ठाऊक होतं मला दिसलंय.

"जाम इल्ला, काका," तो नकारार्थी मान हलवत म्हणाला.

धोंडीरामनं गाडी चालू करून पाहिली. पहिल्याच दगडाला सोनाबाईनं नळी घट्ट धरली आणि डोळे मिटले. तिचं तोंड पांढरं पडलं. धोंडीरामनं लगेच थांबवली. बसू खाली घुसला. चारी रिंगा त्यानं सैल केल्या, अगदी शेवटच्या आट्यापर्यंत. स्प्रिंगा खुळखुळू लागल्या, पण दबल्या नाहीत. चाकांतली हवा काढली. तरी बग्गी तिच्याखाली लाकडासारखी. ज्या बाईसाठी ती बसवली होती, ती बाई सीटवर नव्हतीच.

उदयसिंह मोटारीला टेकून जमिनीकडं बघत होता. धोंडीरामनं त्याच्याकडं बघितलं, मग सुनेकडं.

"मला म्हाईत होतं, मामा," पिंकी म्हणाली. "मी रोज अंघोळ घालती त्यांना. तुमी सात ढेपा सात ढेपा करत हुता. कसं सांगायचं?"

एवढ्या माळावर मला एक गोष्ट सुचेना, आणि हे माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

तोंड उघडलं ते सोनाबाईनंच. "गूळ हाय की टेम्पोत," ती म्हणाली. "ठेवा माझ्याजवळ. वजन भरू द्या."

बसूनं रिंगा पुन्हा पहिल्या जागेवर आणल्या, चाकांत हातपंपानं हवा भरली. धोंडीरामनं स्वतः एक ढेप आणली. तिच्या पायाशी ठेवली. बग्गी थोडी खाली गेली. खूण अजून लांब होती. त्यानं दुसरी आणली, तिच्या पाठीमागच्या जागेत सरकवली. बग्गी आणखी खाली. तो खाली वाकला, बघितलं, उठला. तिसरी ढेप आणताना त्याची चाल बदलली होती. ढेप जड म्हणून नाही. आयुष्यभर पोती उचललेला माणूस. त्यानं ती छातीशी धरली होती आणि ठेवायला तयार नव्हता.

"ठेवा की," सोनाबाई म्हणाली.

"ही न्हाय लागायची," धोंडीराम म्हणाला. "दोनच बास."

"ठेवा म्हनते ना. मला हिसका नगं."

त्यानं ठेवली. नळी सरकत आली आणि नेमकी लाल खुणेवर थांबली. बसू म्हणाला, "साकु, काका, साकु." म्हणजे पुरे झालं.

सोनाबाईनं खाली ढेपांकडं बघितलं. एक पायाशी, दोन पाठीशी. बोटानं गोणपाट चाचपलं. "एवढी गेले व्हय मी," एवढंच म्हणाली, बाजारात कशाचा भाव विचारावा तशा आवाजात. धोंडीरामनं ऐकलं नसल्यासारखं गाडी चालू केली.

आता सांगतो ते खरं. त्या ओढ्यातून, त्या दगडगोट्यांवरून बग्गी अशी गेली, की पाण्यावर पान जावं. चाकं खाली उडत होती आणि वर सोनाबाईच्या कपाळावरची बटसुद्धा हलत नव्हती. आम्ही मागून चालत होतो. यात मी पदरचं काही घातलेलं नाही, आणि घालावंसं वाटलंही नाही.

बाग फुलली होती. लालभडक. मधमाश्यांचा आवाज बांधापर्यंत येत होता. झाडांच्या ओळींत बग्गी शिरण्याएवढी जागा नव्हती, तेव्हा धोंडीरामनं ती बांधाशी उभी केली. उदयसिंह आणि मी दोन बाजूंनी धरायला पुढं झालो, कारण पूर्वी तिला उठवायचं म्हणजे तसंच लागायचं. धोंडीरामनं हातानंच आम्हाला थांबवलं. एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली घातला, आणि तिला उचललं. एकट्यानं. जोर लावायला म्हणून त्यानं श्वास ओढून घेतला होता, तो तसाच राहिला. जोर लागलाच नाही.

तो तिला घेऊन पहिल्या ओळीत शिरला. ती हात लांब करून एकेका फांदीला शिवत होती, काहीतरी सांगत होती, बहुतेक कुठली फुलं खुडून टाकायची ते. ओळ संपली. तो दुसऱ्या ओळीत वळला. मग तिसऱ्या. आम्हाला तिचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं.

"ठेवा की आता खाली. दमाल."

"न्हाय दमत गं," धोंडीराम म्हणाला.

चौथ्या ओळीच्या तोंडाशी तो थांबला, तिला तशीच धरून. आमच्याकडं पाठ होती. खांदे हलत होते की वारा होता, ते मी नीट पाहिलं नाही. उदयसिंह दोन पावलं पुढं गेला आणि परत आला. पिंकीनं पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा लावली. बसू बग्गीखाली जाऊन आडवा झाला आणि पान्यानं एक रिंग आवळू लागला. आवळली, मग सैल केली, मग पुन्हा आवळली. कशासाठी, ते आमच्यातल्या कुणी त्याला विचारलं नाही.