बॉयलरची गोधडी

ही एक्याण्णव सालची गोष्ट. एका जुन्या वसतिगृहाची शाळा करायला घेतली होती. वरच्या मजल्यांवर फरश्या उखडणं चालू होतं आणि तळघरात पान्ह्या जुने पाइप काढत होता. धंद्याने प्लंबर, मागच्या खिशात सदा पान्हा, म्हणून पान्ह्या. जन्मदात्री आईसुद्धा रागावली तरच त्याला खऱ्या नावाने हाक मारायची.

त्या सकाळी स्वारी खुशीत होती. बाळंतीण बायको मुलीला घेऊन दवाखान्यातून घरी यायची होती. मेव्हणा आणायला गेला होता. घरी पाळणा तयार, पाळण्यात आईने, म्हणजे माईने शिवलेली नवी गादी तयार.

तेवढ्यात तपासणीवाल्या बाई जिना उतरून आल्या. शाळा सुरू व्हायच्या आधी इमारतीत अंगाला बाधेल असं काही नाही ना, हे बघायला त्यांना पाठवलं होतं. तोंडावर मास्क, एका हातात पाण्याचा फवारा, दुसऱ्या हातात जाड पिशव्या. पायरीवरूनच त्या म्हणाल्या, "आहात तिथे उभे राहा. आणि तो झाडू ठेवा आधी."

"झाडू नको तर काय फुंकर मारून साफ करू, बाई?" ठेकेदार म्हणाला. माणसं हसली.

बाई हसल्या नाहीत. त्या कोपऱ्यातल्या बॉयलरपाशी गेल्या. उष्णता धरून ठेवायला बॉयलरला जाड कापडी पांघरूण असायचं. कामावरची माणसं त्याला बॉयलरची गोधडी म्हणायची. गोधडीच्या खोळी जमिनीवर पडल्या होत्या, रिकाम्या. बाईंनी एक खोळ पाण्याने भिजवली, मग चिमट्याने उचलली. कडेला पांढुरका मऊ पुंजका चिकटला होता.

"यातलं भरण कुठे आहे?"

"गेलं असेल कचऱ्यात."

"कचऱ्यात गेलं असतं तर खोळीसकट गेलं असतं. शिवण नीट उसवलीय. कोणीतरी जपून काढून नेलंय हे." बाईंनी मान वर केली. "हा कापूस नाही. ॲस्बेस्टॉस असणार, म्हणजे दगड. दगडाचे तंतू. प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत मी तसंच धरून चालते. डोळ्याला दिसत नाही इतकं बारीक उडतं, छातीत जाऊन बसतं आणि पुढे वीस-तीस वर्षांनी उठतं."

पान्ह्यानेच ते नेलं होतं. इतकी वर्षं विस्तवाशेजारी राहूनही जळलं नाही, ना ढेकूण ना वाळवी, हातात घ्यावं तर सावरीसारखं हलकं. लेकीसाठी याहून चांगलं काय मिळणार, असं वाटलं होतं त्याला.

ठेकेदार गरजला, "कोणी हात मारला? पितळी तोटी नेली त्याला घरी बसवला, विसरलात एवढ्यात?"

घरात तान्हं मूल, अशात काम सुटलं तर? जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊ, गादी उचलून लांब फेकून देऊ, कोणाला पत्ता लागणार नाही, असा हिशोब पान्ह्याने मनात मांडलाही.

बाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "ज्याने नेलं त्याने ते झटकू नये, एवढं कळवा त्याला."

झटकू नये! आणि माई? पाहुणा येणार म्हटलं की घरातली प्रत्येक गादी गच्चीवर उन्हात घालून काठीने धोपटणारी माई? सुट्टीपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता.

"बाई, मी नेलं."

"कशाला?"

"पाळण्याच्या गादीत भरायला."

बाईंनी एवढंच विचारलं, "बाळ निजलंय त्यावर?"

"अजून नाही. आत्ता पोचेल."

बाईंची गाडी बाहेरच होती. दोघं तीत बसून निघाले. गल्लीत वळले तोच वरून आवाज आला, धप्प, धप्प. पान्ह्या धावत जिना चढला. गच्चीवर माई मोठी गादी धोपटून घाम पुसत होती. पाळण्याची छोटी कठड्यावर होती. माईने ती पुढे ओढली आणि काठी उचलली.

"माई! थांब!"

"कामाच्या वेळी घरी? अन् ही कोण आणलीस बरोबर?"

"माई, त्या गादीला हात लावू नका," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"वा गं वा! माझ्या नातीची गादी, मी नाही तर शेजारीण लावणार हात?"

पान्ह्या सरळ जाऊन काठी आणि गादीच्या मध्ये उभा राहिला.

"बाजूला हो. की तुलाच धोपटू?"

"मला धोपट. पण ती राहू दे."

त्याचा चेहरा बघून माईचा हात आपसूक खाली आला. बाईंनी गादी भिजवली, हळूच पिशवीत सरकवली, वरून दुसरी पिशवी, मग चिकटपट्टी. पट्टी लावता लावता विचारलं, "भरायला कुठे बसला होतात?"

"स्वयंपाकघरात," माई म्हणाली. "गुठळ्या होत्या, हाताने पिंजल्या. दोन दिवस घसा खवखवला. कापूस म्हटला की होतंच."

"तो कापूस नव्हता, माई. विषारी धूळ आहे ती, घरभर बसली असेल," बाई म्हणाल्या.

खाली रिक्षा थांबली. बायको उतरली, बाळ छातीशी. पान्ह्या कठड्यावरून ओरडला, "वर येऊ नकोस! माहेरी जा!"

ती खालूनच ओरडली, "का? मुलगी झाली म्हणून?"

माई कठड्याशी आली आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली, "वेडी का खुळी तू? लाखात एक नात आहे माझी! घरात विषारी धूळ झालीय, ती निघेपर्यंत जा म्हणतोय तो!" आणि मग तिथेच खाली बसून रडायला लागली.

बाईंनी माणसं आणून सगळं घर ओल्या फडक्यांनी पुसून घेतलं. पंखा, झाडू काहीही चालवू दिलं नाही. महिन्याभराने नात घरी आली आणि जुन्या सुती चादरीच्या घडीवर निजली.

ठेकेदाराने पान्ह्याला काढलं नाही. "चोर आहे, पण वेळेवर बोलणारा चोर आहे," असं म्हणायचा. पुढे ठेकेदार दुसऱ्या शहरात गेला. शाळा उशिरा का होईना, सुरू झाली. बाई निवृत्त होईपर्यंत तळघरं धुंडाळत राहिल्या आणि दर वर्षी एकदा माईच्या हातचा चहा प्यायला येत राहिल्या. चहापेक्षा माईचा खोकला ऐकायला येतात, हे माईने ओळखलं होतं. "ऐका, नाही खोकत," म्हणायची आणि मुद्दाम खाकरून दाखवायची. नव्वदीला टेकून ती झोपेतच गेली.

धाप लागली ती पान्ह्याला. साठी उलटल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काम काय करत होतात? तेव्हा त्याला एक बॉयलर नाही, तरुणपणापासून पाणी न मारता, कोरडेच सोललेले सगळे बॉयलर आठवले. त्यांच्याबद्दल कोणी कधी विचारलंच नव्हतं. आता जिना चढताना तो मध्येच थांबतो. मुलगी उंच, धट्टीकट्टी, दमदार आवाजाची निघाली. ती पुढे होऊन त्याच्या हातातली पिशवी घेते आणि म्हणते, "बाबा, घाई नाही." तो स्वतःच्या छातीवर हात ठेवून तिचा श्वास ऐकतो. साफ, मोकळा. मग पुढची पायरी चढतो.