दोन ॲम्प आणि एक गिटार

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. पुंडलिकनगरात नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, आणि बीड बायपासच्या पलीकडे मात्र दर महिन्याला एक नवी इमारत उभी राहायची. तिथल्या एका वसाहतीचे नकाशे स्वरदाच्या ऑफिसात झाले होते. फ्लॅट घेतलेल्या कुटुंबांसाठी बिल्डरने पाडव्याला संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर गाण्यांचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा स्वरदाने आपल्या बँडचं नाव सुचवलं. कार्यक्रम तिनेच आणला होता.

बँड चौघींचा. चारुता गायची, उमा ड्रम वाजवायची. स्वरदा बाराव्या वर्षापासून गिटार शिकलेली. गाण्यातले मधले तुकडे, ज्यांना टाळ्या पडतात, ते सहा वर्षं तीच वाजवत आली होती. चौथी प्रांजली आठच महिन्यांपूर्वी आलेली. ती फुलंब्रीकडची. तिच्या वडिलांनी तेरा सालच्या दुष्काळात मेंढरं विकली आणि बिऱ्हाड शहरात आणलं. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची आणि गिटार मोबाइलवर बघून बघून शिकली होती. बोटं कशी ठेवायची हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती भलतीच ठेवायची, आणि त्या भलत्या बोटांतून जे निघायचं ते आपल्याला का सुचत नाही, हे स्वरदाला बोचायचं.

तालमीत चारुता म्हणाली, "शेवटच्या गाण्यातला मोठा तुकडा प्रांजलीला देऊ या."

"का?"

"का म्हणजे? तू ऐकलंस ना आत्ता?"

स्वरदाने ऐकलं होतं.

अडचण एकच होती. आयोजकांचे स्पीकर फक्त गायिकेसाठी होते. गिटार आपापल्या ॲम्पवरच, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या खोक्यावरच, ऐकू जायला हवी होती, आणि उघड्या मैदानावर, ड्रमच्या आवाजात, प्रांजलीचा छोटा ॲम्प तग धरणार नव्हता. तो तिच्या मामाने घरीच जुळवलेला होता, साधं प्लायवूडचं खोकं. चारुतानेच तोड काढली, "स्वरदाचा ॲम्प आणि हा, दोन्ही एकत्र जोडले तर?"

"म्हणजे माझ्या ॲम्पवर ती वाजवणार?"

"एका गाण्यापुरतं गं."

प्रांजलीचे त्रिंबकमामा औरंगपुऱ्यातल्या एका बोळात जागरण-गोंधळवाल्यांचे लाउडस्पीकर दुरुस्त करायचे. स्वरदा आणि प्रांजली दोन्ही ॲम्प घेऊन तिथे गेल्या. मामांनी गिटारपासून ॲम्पला जाणाऱ्या तारेला दोन फाटे काढले, एकेक फाटा एकेका ॲम्पला दिला. आधी नुसतीच घरघर आली. ती घालवायला त्यांचा तास गेला. मग त्यांनी दोन्ही ॲम्पची पाठ उघडून आतल्या तारा तपासल्या.

"दोन्ही स्पीकरचे पडदे एका वक्ताला पुढं आले पाहिजेत," ते म्हणाले. "एक पुढं अन्‌ एक मागं झालं, की दोघं एकमेकांचा आवाज खाऊन टाकतेत. एकटा वाजवला तर काही कळायचं नाय. जोडीनं वाजवले की कळतं."

प्रांजलीने वाजवलं. दुकानाचं शटर थरथरलं, बोळातून जाणारा एकजण स्कूटर थांबवून बघायला लागला.

"स्वरदाताई, ऐक ना!" प्रांजली हसत ओरडली. "आपल्या दोघींचा मिळून लई भारी आवाज येतो!"

"छान आहे," स्वरदा म्हणाली. घरी जाताना रिक्षात ॲम्प मांडीवर धरून ती बसली होती, आणि तिला एकच गोष्ट सुचत होती. कार्यक्रम माझा, ॲम्प माझा, आणि लोक नाव विचारणार ते हिचं.

पाडव्याच्या सकाळी घरात गुढी उभारून झाल्यावर तिने खोलीचं दार लावलं. आपल्या ॲम्पच्या पाठीचे स्क्रू काढले, आत स्पीकरची तांबडी तार काळीच्या जागी लावली, काळी तांबडीच्या. तीन मिनिटं लागली. मग तिने गिटार जोडून पाहिली. एकट्या ॲम्पचा आवाज नेहमीसारखाच होता.

साडेपाचला कार्यक्रम सुरू व्हायचा होता, पण बिल्डरचं भाषण लांबलं आणि वाद्यं तपासायला वेळच उरला नाही. समोर चारशे माणसं होती. वारा धूळ उडवत होता. पहिल्या पाच गाण्यांत स्वरदाने आपले तुकडे चोख वाजवले. शेवटच्या गाण्याआधी प्रांजलीने दोन्ही फाटे लावले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या ॲम्पकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली.

आवाज पातळ, पोकळ आला, खिशातल्या मोबाइलवर गाणं वाजावं तसा. प्रांजलीने बटणं फिरवली, आवाज वाढवला. पोकळपणाच वाढला. लोक आपसात बोलायला लागले. तिसऱ्या रांगेतलं एक कुटुंब सरबताच्या टेबलाकडे निघालं. स्वरदा बाजूला खंजिरी घेऊन साथ देत होती आणि तिला बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं, अगदी छातीत मोकळं झाल्यासारखं. मग तिने प्रांजलीकडे पाहिलं. प्रांजली आपल्या बोटांकडे बघत होती, ती आपली नसावीत अशी.

तुकडा अर्धा झाला असेल. प्रांजलीने एक सूर लांबवला, उजवा हात मोकळा केला आणि स्वरदाच्या ॲम्पची तार उपसून काढली.

आवाज एकदम भरून आला. एकट्या त्या प्लायवूडच्या खोक्यातून, जाड आणि गरम. मागच्या रांगांपर्यंत तो पोचत नव्हता, म्हणून मागच्या बायका खुर्च्या उचलून पुढे आल्या. सरबताकडे गेलेले ग्लास हातात घेऊन परतले. टाळ्या बराच वेळ चालल्या.

"एक ॲम्प काढल्यावर आवाज वाढला कसा?" चारुताने स्टेजमागे विचारलं.

त्रिंबकमामा ऐकायला आले होते. त्यांनी तिथल्या तिथे स्वरदाच्या ॲम्पची पाठ उघडली.

"दुकानात मी नीट बघितलं होतं," ते म्हणाले. "ह्या तारा आपोआप फिरत नाय."

"मी फिरवल्या," स्वरदा म्हणाली.

"का?" चारुताला खरंच कळेना.

"ती वाजवते ते मला सहन होत नाही."

प्रांजली गिटार पिशवीत घालत होती. चेन अर्धवट लावून ती थांबली. "मला वाटलं माझीच बोटं चुकतेत. लोकं उठून चालली तवा वाटलं, आपण इथं यायलाच नको होतं." तिने स्वरदाकडे पाहिलं. "तुम्ही सांगायचं होतं. मी नसतं वाजवलं."

आठ महिने ती स्वरदाला 'ताई, तू' म्हणत होती.

चारुताने स्वरदाला तालमीला येऊ नकोस म्हणून सांगितलं. तीन आठवडे स्वरदाने गिटारला हात लावला नाही. मग ॲम्प स्कूटरवर बांधून ती मुकुंदवाडीला प्रांजलीच्या घरी गेली. दारात टँकर आला होता आणि प्रांजलीची आई, म्हाळसाबाई, हंडे भरत होती. आत प्रांजलीने ॲम्पकडे पाहिलं, कपाटातून स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि स्वरदाच्या हातात दिला.

"तुम्हीच करा."

स्वरदाने तारा जागेवर लावल्या. त्या बरोबर लागल्यात का ते बघायला प्रांजलीने घड्याळातला सेल काढून स्पीकरच्या टोकांना टेकवला. पडदा टक्‌कन पुढे आला.

"हा ठेवून घे," स्वरदा म्हणाली. "तुला लागेल. मी काही बँडमध्ये परत येत नाही."

"ठेवते. पण पहिल्या गाण्यातला तुकडा मला येत नाय. तो तुमचाच आहे. चारुताताईशी मी बोलते."

"तू मला 'तुम्ही' का म्हणतेस?"

"सध्या तेच येतं तोंडात," प्रांजली म्हणाली.

मे महिन्यात एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम झाला. स्वरदाने पहिलं गाणं वाजवलं. शेवटच्या गाण्याला ती स्टेजवरून उतरून प्रेक्षकांच्या पार मागे जाऊन उभी राहिली. दोन्ही ॲम्पचा मिळून आवाज तिथवर स्वच्छ येत होता. तो तिला फार आवडला, आणि हे आपल्याला का सुचत नाही, हेही पहिल्यासारखंच बोचलं. टाळ्या थांबेपर्यंत ती तिथेच राहिली. मग उमाला ड्रम उचलू लागायला पुढे गेली.